उंगर-फ्राक्टुर : अक्षरवळणाचे पुनरुज्जीवन आणि अर्थाचा प्रश्न

१

साहित्यकृतीच्या अर्थविचारात छापील अक्षराच्या वळणाला सहसा स्थान नसते. संहितेचा विचार करताना शब्द, वाक्य, छंद, रचना यांची दखल घेतली जाते. ती संहिता कोणत्या टंकात जुळवली गेली हा प्रश्न मुद्रकाचा किंवा ग्रंथसंग्राहकाचा मानला जातो. या भूमिकेमागे एक गृहीतक आहे. अक्षराचे वळण बदलले तरी अक्षर तेच राहते, आणि अक्षर तेच असेल तर अर्थही तोच राहतो, असे ते गृहीतक. फेर्दिनां द सोस्यूर यांनी भाषिक मूल्याची संकल्पना स्पष्ट करताना लेखनाचाच दृष्टान्त घेतला होता. एकच अक्षर प्रत्येक जण आपापल्या हाताने लिहितो. ते पांढऱ्या शाईत लिहिले की काळ्या, लेखणीने की छिन्नीने, याला महत्त्व नाही. त्याच व्यवस्थेतील इतर अक्षरांपासून ते वेगळे ओळखता आले म्हणजे पुरे, असे त्यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील प्रतिपादन आहे.

हा दृष्टान्त एका अटीवर अवलंबून आहे. समोर एकच वर्णसंच असेल तर अक्षराच्या वळणातील भेद निरर्थक ठरतात. मात्र एकाच भाषेत दोन संपूर्ण वर्णसंच एकाच काळी वावरत असतील, आणि कोठे कोणता वापरावा याचे संकेत वाचकाच्या अंगवळणी पडलेले असतील, तर खुद्द वळणच व्यवच्छेदक होते. सोस्यूर यांचे तत्त्व त्यामुळे खोटे पडत नाही, उलट एक पायरी वर जाऊन पुन्हा लागू होते. वळणाचा अर्थ त्याच्या आकारात नसून दुसऱ्या वळणाशी असलेल्या भेदात असतो. जर्मन भाषेच्या मुद्रणात सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी स्थिती होती. ‘फ्राक्टुर’ नावाने ओळखले जाणारे मोडलेल्या रेषांचे वळण आणि ‘आंटिक्वा’ म्हणजे गोलसर रोमन वळण ही दोन्ही तेथे शेजारी शेजारी नांदत होती.

डी. एफ. मॅकेन्झी यांची १९८५ मधील व्याख्याने आणि जेरोम मॅकगान यांचा १९९१ मधील ‘द टेक्श्चुअल कंडिशन’ हा ग्रंथ यांनंतर मुद्रणाचे भौतिक रूप हा संहितेचा भाग मानावा, हा विचार परिचयाचा झाला आहे. त्या विचाराची कसोटी जुन्या टंकाच्या पुनरुज्जीवनात लागते. मृत झालेले अक्षरवळण पुन्हा वापरात आणले जाते तेव्हा नेमके काय परत येते? आकार परत येतो हे उघड आहे. त्या आकाराला अर्थ देणारा भेद परत येतो का? योहान फ्रीड्रिश उंगर या बर्लिनच्या मुद्रकाने १७९३ मध्ये सिद्ध केलेल्या फ्राक्टुरचा इतिहास या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. हे वळण जन्मतःच एक तडजोड होते. ते विस्मृतीत गेले, विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा वर आले, राजकीय आज्ञेने बाजूला सारले गेले आणि संगणकाच्या युगात पुन्हा एकदा उपलब्ध झाले. प्रत्येक आवर्तनात आकार जवळपास तोच होता. अर्थ मात्र दर वेळी वेगळा होता.

२

‘फ्राक्टुर’ हे नाव लॅटिनमधील ‘मोडलेले’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. रुंद टोकाच्या लेखणीने अक्षर काढताना गोलाई सलग न वळवता कोनात मोडली जाते, हे या कुळाचे लक्षण. मध्ययुगीन लेखनिकांनी घडवलेले दाट, उभट ‘टेक्स्टुरा’ वळण गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास माइन्त्स येथे छापलेल्या लॅटिन बायबलमध्ये धातूच्या खिळ्यांत उतरवले. ल्यूथरचा ‘नवा करार’ १५२२ मध्ये व्हिटेनबर्गला छापला गेला तो ‘श्वाबाखर’ या अधिक रुंद आणि लोकाभिमुख वळणात. फ्राक्टुर त्याहून थोडे दरबारी. सम्राट पहिला माक्सिमिलिआन याच्यासाठी १५१३ मध्ये छापलेले प्रार्थनापुस्तक आणि १५१७ मधील ‘टॉयरडांक’ हे पद्यमय आख्यान यांत ते आकाराला आले.

या वळणांना जर्मन राष्ट्राची मिरास मानणे ही नंतरची समजूत आहे. सोळाव्या शतकापूर्वी पश्चिम युरोपचा मोठा भाग याच कुळातील अक्षरे वाचत होता. इंग्लंडमध्ये १६११ च्या राजाज्ञेच्या बायबलची पहिली आवृत्ती मोडलेल्या अक्षरांतच निघाली. डॅनिश, फिनिश, एस्टोनिअन आणि लाटव्हिअन भाषांतील पुस्तकेही दीर्घकाळ फ्राक्टुरमध्ये छापली जात होती. इटली, फ्रान्स आणि मागोमाग इंग्लंडने रोमन वळण स्वीकारल्यावर जर्मन प्रदेशात जे मागे उरले, ते मागे उरल्यामुळेच ‘जर्मन’ ठरले.

मात्र जर्मन मुद्रकांनी रोमन वळण नाकारले नव्हते. त्याला कामाची वाटणी करून दिली होती. लॅटिन ग्रंथ रोमनमध्ये आणि जर्मन ग्रंथ फ्राक्टुरमध्ये, हा स्थूल नियम. जर्मन वाक्यात लॅटिन वा फ्रेंच शब्द आला की जुळारी दुसऱ्या पेटीतील खिळे उचलत असे. सतराव्या आणि अठराव्या शतकांतील कित्येक पुस्तकांत हा संकेत एकाच शब्दाच्या पोटात शिरलेला दिसतो. परकीय धातूला जर्मन प्रत्यय लागला असेल तर धातू रोमनमध्ये आणि प्रत्यय फ्राक्टुरमध्ये! शब्दाचे कूळ छापील पानावरच उघड होत असे. मराठीत ‘तत्सम’, ‘तद्भव’ आणि ‘परभाषीय’ हे भेद व्याकरणाच्या पुस्तकात सांगावे लागतात. जर्मन वाचकाच्या डोळ्यांना तसे भेद प्रत्येक ओळीत दिसत होते.

फ्राक्टुरच्या अंतर्गत रचनेतही असे संकेत होते. तिच्यात तिरपे वळण नसल्याने शब्दावर भर द्यायचा तर अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली जाई, किंवा तो शब्द श्वाबाखरमध्ये जुळवला जाई. ‘स’ या ध्वनीसाठी दोन चिन्हे होती: शब्दाच्या वा घटकपदाच्या शेवटी आखूड, अन्यत्र लांब. सामासिक शब्दांनी भरलेल्या जर्मनसारख्या भाषेत हा भेद निव्वळ शोभेचा नव्हता. रोमन वळणात एकसारख्या दिसणाऱ्या एका शब्दाचा विग्रह ‘वाख-श्टूबे’, म्हणजे पहारेकऱ्यांची खोली, असाही होतो आणि ‘वाक्स-टूबे’, म्हणजे मेणाची नळी, असाही होतो. फ्राक्टुरमध्ये पहिल्यात लांब आणि दुसऱ्यात आखूड चिन्ह येत असल्याने संदिग्धतेला वावच नव्हता. संधी आणि समास यांचा विग्रह हे वळण स्वतःच करून देत होते.

३

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वाटणी डळमळू लागली. जर्मन काव्य रोमनमध्ये छापण्याचा प्रयोग एवाल्ट क्रिस्टिआन फोन क्लाइस्टच्या ‘वसंत’ या दीर्घकाव्याने १७४९ मध्ये केला होता. १७९४ पासून लाइप्झिगच्या गोशेनने वीलांटची समग्र साहित्यसंपदा रोमनमध्ये काढायला घेतली. त्यासाठी येना येथील प्रिलविट्झने पॅरिसच्या दिदो घराण्याच्या धर्तीवर टंक कोरले. जर्मन लेखकाला ‘अभिजात’ म्हणायचे असेल तर त्याने अभिजात लॅटिनचा पोशाख घालावा, अशी ही भूमिका होती. उलट बाजूला लाइप्झिगचे विद्वान मुद्रक योहान गोटलोब इमान्युएल ब्राइटकॉप्फ फ्राक्टुरचे समर्थन करीत होते.

उंगर या दोन्ही पक्षांना जवळून ओळखत होता. तो काष्ठठसे कोरणारा कारागीर, मुद्रक आणि प्रकाशक होता. दिदोंचे रोमन टंक जर्मनीत विकण्याचे हक्कही त्याच्याकडे होते. गटेचे ‘रोममधील कार्निव्हल’ हे सचित्र पुस्तक १७८९ मध्ये त्याच्याच छापखान्यात रोमन अक्षरांत छापले गेले होते. असा माणूस फ्राक्टुरच्या सुधारणेकडे वळला, ही बाब लक्षणीय आहे. पहिला प्रयत्न त्याने पॅरिसच्या फिर्मँ दिदोच्या साहाय्याने केला. त्याने समाधान न झाल्याने बर्लिनच्या योहान क्रिस्टोफ गुबिट्झच्या मदतीने पोलादी ठसे नव्याने कोरले गेले. १७९३ मध्ये त्याने नव्या जर्मन टंकाचा नमुना एका पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला.

या टंकात फ्राक्टुरचा सांगाडा कायम आहे, पण तिचे ओझे कमी केलेले आहे. थोरल्या अक्षरांना हत्तीच्या सोंडेसारखी लोंबणारी वेलांटी असे. ती येथे आखडली आहे. रेषा बारीक आणि समतोल झाल्या आहेत, अक्षरांच्या पोटातील पांढरी जागा वाढली आहे, आणि पानाचा एकूण वर्ण काळ्याकडून करड्याकडे सरकला आहे. फ्राक्टुरचे आंटिक्वात रूपांतर करावे, असा उंगरचा हेतू नव्हता. आंटिक्वाने शिकवलेला प्रकाश फ्राक्टुरमध्ये आणावा, हा त्याचा प्रयत्न होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत बर्लिनमध्ये केलेली ही सौंदर्यशास्त्रीय तडजोड होती.

या तडजोडीला तिच्या काळातील सर्वांत महत्त्वाची कादंबरी लाभली. गटेची ‘व्हिल्हेल्म माइस्टरची उमेदवारीची वर्षे’ उंगरने १७९५-९६ मध्ये चार खंडांत प्रकाशित केली, ती याच टंकात. ज्या कादंबरीचा नायक व्यापारी घराण्याची शिस्त आणि रंगभूमीचे स्वातंत्र्य यांत वाट शोधतो, तिचे पहिले वाचक ती कथा अशा अक्षरांत वाचत होते की ज्यांनी स्वतःही परंपरा आणि नव्या आदर्शांत वाट शोधली होती. हे साम्य योजनापूर्वक साधलेले होते, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्या काळातील वाचकांना टंकाची निवड जाणवत होती, याला पुरावा आहे. गटेच्या आईने जून १७९४ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याचे लेखन लॅटिन अक्षरांत न आल्याबद्दल आनंद व्यक्त केला आहे. रोमच्या कार्निव्हलवरील पुस्तकाला ती अक्षरे शोभली, पण एरवी त्याने अक्षरांतही जर्मनच राहावे, असा तिचा आग्रह आहे. विषय रोमचा असेल तर वळण रोमन चालेल, ही तिची सवलत विशेष बोलकी आहे. भाषावार वाटणीचा जुना संकेत ती आता विषयाला आणि वृत्तीला लावते आहे.

दुसरी साक्ष इमान्युएल कांट यांची. १७९८ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तरीत, त्यांनी ‘विद्याशाखांचा कलह’ या ग्रंथाच्या शेवटी डोळ्यांच्या दुखण्याविषयी एक टीप जोडली. करड्या शाईत आणि दिदोंच्या बारीक रेषांच्या अक्षरांत छापण्याची फॅशन वाचकाच्या दृष्टीला घातक आहे, अशी त्यांची तक्रार आहे. अक्षर या अर्थाच्या जर्मन शब्दात ‘काठी’ दडलेली आहे, त्यावर कोटी करून ते सुचवतात की ब्राइटकॉप्फची अक्षरे त्या नावाला अधिक जागतात, कारण ती पानावर घट्ट उभी राहतात. येथे फ्राक्टुरच्या बाजूने दिलेला युक्तिवाद राष्ट्रीयत्वाचा नाही, वृद्ध डोळ्यांच्या सोयीचा आहे. सुवाच्यता हीदेखील सवयीवर अवलंबून असते, हा मुद्दा पुढे दोन्ही पक्षांनी सोयीस्करपणे विसरला.

उंगरच्या टंकाचा व्यापक स्वीकार झाला नाही. आंटिक्वाच्या समर्थकांना तो अर्धवट वाटला, फ्राक्टुरच्या समर्थकांना बेचव. उंगर १८०४ मध्ये मरण पावला. कादंबरीकार म्हणून नाव मिळवलेली त्याची पत्नी फ्रीडेरिके हेलेने उंगर हिने काही काळ छापखाना सांभाळला, पण तो टिकला नाही. एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य जर्मन पुस्तके अधिक जाड आणि अधिक यांत्रिक फ्राक्टुरमध्ये निघत राहिली.

४

एकोणिसाव्या शतकात वादाचे स्वरूप बदलले. याकोब ग्रिम यांनी १८५४ मध्ये जर्मन शब्दकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा तो रोमन वळणात छापला, आणि नामांची आद्याक्षरे थोरली लिहिण्याची रूढीही सोडून दिली. प्रस्तावनेत त्यांनी फ्राक्टुरला बिघडलेले आणि अभिरुचिहीन वळण ठरवले. ते मुळात जर्मन नसून सर्व युरोपला समान असलेल्या लेखनाचा अवशेष आहे, हा त्यांचा ऐतिहासिक मुद्दा होता. जर्मन लोककथा आणि जर्मन भाषेच्या इतिहासाला आयुष्य वाहिलेल्या पंडिताने ‘जर्मन अक्षर’ ही कल्पना फेटाळावी, यात विसंगती नाही. भाषेचा इतिहास जाणणाऱ्याला अक्षराचा इतिहास डावलता आला नाही, इतकेच. उलट पक्षी बिस्मार्क रोमन अक्षरांतील जर्मन पुस्तके वाचायचे नाकारत असे, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. १९११ मध्ये हा प्रश्न संसदेपुढे आला आणि रोमन वळणाला शाळांतून व सरकारी व्यवहारातून प्राधान्य देण्याची मागणी नामंजूर झाली.

उंगर-फ्राक्टुरचे पहिले पुनरुज्जीवन या पार्श्वभूमीवर झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन ग्रंथनिर्मितीत मोठी चळवळ उभी राहिली होती. ऑटो एकमान आणि पेटर बेरेन्स यांनी १९०० च्या सुमारास फ्राक्टुर आणि आंटिक्वा यांच्या मिश्रणातून नवे टंक घडवले. स्टेफान गेओर्गे यांनी आपल्या कवितेसाठी दोन्ही रूढ वळणांपासून दूर जाणारे स्वतंत्र अक्षर स्वीकारले. त्या लाटेनंतर अभिरुची इतिहासाकडे वळली. ओतशाळांनी ब्राइटकॉप्फ, उंगर आणि वाल्बाउम यांची जुनी फ्राक्टुर वळणे पुन्हा ओतायला घेतली, आणि चोखंदळ प्रकाशक अभिजात जर्मन साहित्याच्या आवृत्त्यांसाठी ती वापरू लागले. एमिल रुडोल्फ व्हाइससारख्या कलावंतांनी त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन नव्या हलक्या फ्राक्टुर रेखाटल्या.

येथे अर्थाचे पहिले स्थलांतर घडते. १७९३ मध्ये उंगरचे वळण नवे होते, सुधारकी होते आणि पॅरिसकडे पाहत होते. १९१० च्या सुमारास तेच वळण गटेच्या काळाचे अस्सल प्रतिनिधी ठरले. ज्या टंकाचे वैशिष्ट्य दोन वळणांमधील संवाद हे होते, तो आता ‘जर्मन अभिजातवाद’ या एका बंदिस्त कालखंडाची खूण बनला. पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी खिळे निष्ठेने ओतले. त्या निष्ठेमुळेच मूळ कृतीतील बंडखोरी दिसेनाशी झाली, कारण नव्या वाचकाच्या दृष्टीने जुने ते सारे सारखेच जुने होते. तरीही या आवर्तनात एक गोष्ट शाबूत होती. फ्राक्टुर आणि आंटिक्वा यांची जोडी अजून जिवंत होती. वाचक दोन्ही वळणे शाळेत शिकत होता, परकीय शब्द अजून रोमनमध्ये येत होता, आणि प्रकाशकाची निवड ही खरोखरच दोहोंतील निवड होती.

५

ही जोडी मोडली ती १९३३ नंतरच्या घटनांनी. त्यापूर्वी यान चिखोल्ड यांनी १९२८ मधील आपल्या ग्रंथात फ्राक्टुरला संकुचित राष्ट्रीयतेचे चिन्ह म्हणून नाकारले होते, आणि पाउल रेनर यांचा ‘फ्यूच्युरा’ हा भौमितिक टंक १९२७ पासून प्रचारात होता. १९३३ मध्ये दोघांनाही अटक झाली, दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. त्याच वेळी ओतशाळांनी ‘टानेनबेर्ग’, ‘नाट्सिओनाल’, ‘एलेमेंट’ अशा नावांचे टंक बाजारात आणले. फ्राक्टुर-टेक्स्टुराच्या मोडी त्यांत होत्या, पण लेखणीची लय काढून टाकलेली होती. जुळाऱ्यांनी त्यांना गुडघ्यापर्यंतच्या लष्करी बुटांवरून उपहासात्मक नाव दिले. विरोधाभास असा की, ही अक्षरे चिखोल्ड-रेनर यांच्या यंत्रयुगीन टंकांचीच ऋणी होती. उंगरने फ्राक्टुरमध्ये प्रकाश आणला. या टंकांनी तिच्यात कवायत आणली.

तरीही राजसत्तेचे फ्राक्टुरवरील प्रेम टिकाऊ नव्हते. १९३४ मध्येच हिटलरने न्यूर्नबर्गच्या भाषणात गॉथिक अक्षरांतील पाट्यांचा सोस बाळगणाऱ्या गतकाळप्रेमींची खिल्ली उडवली होती. १९४० मध्ये सुरू झालेले ‘दास राइश’ हे साप्ताहिक रोमन वळणात निघाले. ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानने एक अप्रकाशित परिपत्रक काढले. तथाकथित गॉथिक वळण म्हणजे वस्तुतः ‘श्वाबाखरची ज्यू अक्षरे’ आहेत, आणि यापुढे आंटिक्वा हेच प्रमाण वळण असेल, असा त्याचा आशय होता. परिपत्रकाच्या शीर्षकागदावरील पक्षाचे नाव मात्र मोडलेल्या अक्षरांतच छापलेले होते! छापखान्यांवर ज्यूंचा ताबा असल्यामुळे ही अक्षरे रूढ झाली, या विधानाला ऐतिहासिक आधार नाही. हे वळण घडले त्या काळात जर्मन छापखान्यांत ज्यूंना स्थानच नव्हते. जिंकलेल्या युरोपला वाचता येईल अशी लिपी साम्राज्याला हवी होती, हे कारण अधिक पटणारे आहे.

साहित्यविचाराच्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व निराळे आहे. एकच वळण आठ वर्षांच्या आत ‘अस्सल जर्मन’ आणि ‘ज्यू’ अशी परस्परविरोधी विशेषणे धारण करू शकले. अर्थ जर आकारात असता तर हे शक्य झाले नसते. जोडीतील दुसऱ्या पदाला ज्या वेळी जे मूल्य दिले गेले, त्याच्या विरुद्ध मूल्य फ्राक्टुरच्या वाट्याला आले. शाळांतून १९४१ पासून रोमन वळणच शिकवले जाऊ लागले, आणि युद्धानंतर कोणत्याही सत्तेने हा निर्णय फिरवला नाही. फ्राक्टुर नाझी राजवटीने बंद केली, पण लोकस्मृतीत ती नाझी राजवटीची खूण म्हणून राहिली. बंदी विसरली गेली आणि १९३३ ची पोस्टरे लक्षात राहिली.

६

त्यानंतरच्या काळात फ्राक्टुर तुटक बेटांवर जगली. वृत्तपत्रांची शीर्षके, बिअरच्या बाटल्या, खाणावळींच्या पाट्या. झुरिकच्या ‘नॉये त्स्यूर्शर त्साइटुंग’ने १९४६ मध्ये मजकूर रोमनमध्ये नेला, पण शीर्षक राखले. ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’ने अग्रलेखांचे मथळे ऑक्टोबर २००७ पर्यंत फ्राक्टुरमध्ये ठेवले. या सर्व ठिकाणी ती वाचली जात नव्हती, ओळखली जात होती. एकच बेट असे होते की जेथे तिचे काम खरोखर व्यवच्छेदक राहिले: गणित. डेडेकिंडच्या काळापासून ‘आयडियल’ आणि पुढे ‘ली बीजगणित’ यांच्यासाठी फ्राक्टुर अक्षरे वापरली जातात. तेथे रोमन ‘जी’ आणि फ्राक्टुर ‘जी’ ही दोन भिन्न चिन्हे आहेत. एकाच्या जागी दुसरे घातले तर विधान चुकते. हेर्मान झाप्फ यांनी १९३८ मध्ये आपला पहिला टंक ‘गिलगेनगार्ट’ रेखाटला तो फ्राक्टुर होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी डोनाल्ड कनुथ यांच्या सहकार्याने त्यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी जो ‘ऑयलर’ टंकसमूह सिद्ध केला, त्यातही फ्राक्टुर आहे. जर्मनीच्या इतिहासाचे ओझे नसलेली, शुद्ध भेदाची फ्राक्टुर अखेर समीकरणात उरली.

संगणकीय टंकांच्या प्रसारानंतर उंगर-फ्राक्टुर दुसऱ्यांदा उपलब्ध झाली. मोडलेल्या वळणांविषयीची आस्थाही वाढली. १९९८ मध्ये न्यू यॉर्कच्या कूपर युनियनमधील प्रदर्शनाच्या निमित्ताने पीटर बेन आणि पॉल शॉ यांनी राष्ट्रीय अस्मितेच्या अंगाने या वळणांची चर्चा घडवून आणली. २००६ मध्ये युडिट शालान्स्की यांनी ‘फ्राक्टुर मोन आमूर’ या ग्रंथात तिचे नमुने संकलित केले. पण आता एक पेच उभा राहिला. युनिकोड या सांकेतिक प्रणालीने फ्राक्टुरला स्वतंत्र लिपी मानलेले नाही. ती रोमन लिपीचीच एक शैली धरली जाते. लांब ‘स’ला स्वतंत्र स्थान आहे आणि २००१ पासून गणितातील फ्राक्टुर चिन्हांनाही आहे, पण भाषेच्या मजकुरात वळण हा निव्वळ पोशाख. सोस्यूर यांचा दृष्टान्त येथे तांत्रिक प्रमाण होऊन बसला आहे. परिणाम असा की, आजचा वापरकर्ता रोमनमध्ये टंकलिखित केलेला मजकूर क्षणात उंगरच्या वळणात पाहू शकतो. मात्र सर्वत्र आखूड ‘स’ येतो, जोडाक्षरे सुटतात आणि परकीय शब्दही फ्राक्टुरमध्येच येतात. पान जुने दिसते, पण अठराव्या शतकातील जुळाऱ्याला ते अशुद्ध वाटले असते.

मराठी अभ्यासकाला या पेचाची दुसरी बाजू परिचित आहे. मोडी आणि बाळबोध ही एकाच भाषेची दोन वळणे. विल्यम केरी यांचा १८१० मध्ये सेरामपूरला छापलेला मराठी कोश मोडी खिळ्यांत होता, पण पुढे छपाईचे क्षेत्र बाळबोधीने व्यापले आणि मोडी हस्तलेखनापुरती उरली. ‘मोडी’ या नावाचा संबंध ‘मोडणे’ या क्रियापदाशी जोडला जातो. ‘फ्राक्टुर’चा शब्दार्थही तोच असला तरी कारणे उलटी आहेत. फ्राक्टुर लेखणी थांबवून वळण मोडते; मोडीत लेखणी थांबू नये म्हणून अक्षर मोडले जाते. युनिकोडने २०१४ मध्ये मोडीला स्वतंत्र लिपी म्हणून स्थान दिले. त्यामुळे मोडी कागदाचे संगणकीय लिप्यंतर करणाऱ्याला ‘मोडीत’ आणि ‘बाळबोधीत’ हा भेद संहितेतच नोंदवता येतो. फ्राक्टुरच्या अभ्यासकाला तो भेद संहितेबाहेर, वेगळ्या खुणेने टिपावा लागतो.

बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीच्या ‘जर्मन टेक्स्ट आर्काइव्ह’ने हेच केले आहे. ‘व्हिल्हेल्म माइस्टर’च्या पहिल्या आवृत्तीसारखे ग्रंथ तेथे लांब ‘स’ राखून उतरवलेले आहेत. फ्राक्टुर मजकुरात जो शब्द रोमनमध्ये जुळवला होता त्याला स्वतंत्र खूण आहे, आणि मोकळ्या अक्षरांनी दिलेल्या भरासाठी दुसरी. नंतरच्या रोमन आवृत्त्यांत बऱ्याचदा या दोन्ही गोष्टी तिरप्या अक्षरांत येतात. ‘हा शब्द महत्त्वाचा आहे’ आणि ‘हा शब्द परका आहे’ ही दोन विधाने एका चिन्हात मिसळतात. वाचकाला कोणते वाचायचे ते ठरवता येत नाही. किंबहुना ठरवायचे काही होते हेच त्याला कळत नाही. उलट अकादमीच्या संग्रहात पडद्यावर दिसणारे वळण उंगरचे नाही, तरी उंगरच्या पानावरील भेद तेथे शिल्लक आहेत.

यावरून पुनरुज्जीवन या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. आकार परत आणणे हे त्याचे सर्वांत सोपे अंग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ओतशाळांनी ते उत्तम रीतीने केले, आजचे संगणकीय टंककारही करतात. परंतु जोडीतील दुसरे पद आणि दोहोंमधील संकेत यांवाचून तो आकार ‘जुने’, ‘जर्मन’ किंवा ‘भयसूचक’ यांपैकी काहीतरी ढोबळ सांगू लागतो. जे सांगितले जाते त्याचा उंगरच्या कृतीशी संबंध उरत नाही. जुन्या टंकाचा पुनरुज्जीवक हा त्या अर्थाने संपादक आणि भाष्यकार असतो. कोणता भेद राखायचा आणि कोणता सोडायचा, हा निर्णय त्याला टाळता येत नाही. त्याने तो जाणीवपूर्वक घेतला नाही तर त्याचे साधन त्याच्या वतीने घेते. गटेच्या कादंबरीची नवी आवृत्ती उंगर-फ्राक्टुरमध्ये काढणाऱ्याने लांब ‘स’, मोकळी अक्षरे आणि रोमन शब्द यांची व्यवस्था पाळली नाही, तर त्याने पहिली आवृत्ती परत आणली असे म्हणता येणार नाही. आणि ती व्यवस्था रोमन वळणात, योग्य खुणांनिशी, पोहोचवणारा संपादक फ्राक्टुरचा एकही खिळा न वापरता तिच्याशी अधिक प्रामाणिक राहिलेला असेल.